बुधवारची पाहुणी

मिल हाऊसमध्ये चौदाच्या चौदा लाल दिवे पेटले होते आणि घोरपडे साहेब माझ्याकडे बघत होते.

साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या माणसाशी मला भांडता येतं, ते मला लहानपणापासून छान जमतं. पण कारखान्याचे चीफ इंजिनिअर असूनही आवाज चढवणं या माणसाच्या गावीच नव्हतं. त्यांनी मला यंत्रांच्या गदारोळातून बाहेर जिन्यापाशी बोलावलं, रुमालाने चष्मा पुसला आणि शांतपणे विचारलं, "केंजळे मॅडम, आमची चौदाही बेअरिंगं आजारी आहेत का?"

मी म्हणाले, तसं नसावं.

"मग सकाळी आपण कारखाना कशासाठी थांबवला?"

सकाळी सहा नंबरचा दिवा लागला होता. सहा नंबर म्हणजे गव्हाणीची मोटार. गव्हाणीतून ऊस मिलमध्ये जातो, ती बंद पडली की सगळंच बंद. या मोटारीचं बेअरिंग दोन दिवसांत जाणार, असं आमचं यंत्र सांगत होतं. मीच साहेबांच्या मागे लागून गव्हाण थांबवायला लावली. ऐन गळीत हंगामात. फिटरांनी बेअरिंग खोललं तर आत ओरखडासुद्धा नाही. ते परत बसवून मिल सुरू व्हायला अडीच तास गेले, तोवर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग पार डांबरी रस्त्यापर्यंत पोचली आणि ड्रायव्हर मंडळींनी माझ्या नावाने जो शंख केला तो मला ऑफिसात बसून ऐकू येत होता. आणि कहर म्हणजे बेअरिंग परत बसवल्याबरोबर सहा नंबरचा दिवा पुन्हा लागला. दुपारपर्यंत उरलेले तेराही लागले.

"शुक्रवारपर्यंत बघा," साहेब म्हणाले. "शुक्रवारी मी हे दिवे काढून घेतो. राग मानू नका. माझी माणसं आता दिव्याकडे बघायची बंद होतील. आणि ज्याच्याकडे कोणी बघत नाही असा दिवा असण्यापेक्षा नसलेला बरा."

तो सोमवार होता.

ही सात वर्षांपूर्वीची गोष्ट. कारखान्याचं नाव सांगत नाही, वारणेच्या पट्ट्यातला एक सहकारी साखर कारखाना, एवढं पुरे. आमची कंपनी पुण्यात, बाणेरला एका दंतवैद्याच्या वरच्या मजल्यावर होती. माणसं सहा आणि उत्पादन एक. त्याचं नाव 'चाहूल'. कल्पना माझी होती आणि ती मी कोणालाही विसरू देत नसे. बेअरिंग बिघडायला लागलं की सगळ्यात आधी त्याचा आवाज बदलतो. मुरलेला फिटर लोखंडी सळईचं एक टोक बेअरिंगला टेकवतो, दुसरं कानाशी धरतो आणि सांगतो, हे महिना काढेल, हे नाही काढणार. हेच काम यंत्राला शिकवायचं, बस्स. एक छोटा सेन्सर, मागे एआय, आणि धोका दिसला की लाल दिवा.

कंपनीचा मालक चिन्मय रिसबूड. कॉलेजात माझ्याच वर्गात होता, त्यामुळे मालक म्हणून त्याला मी फारसा भाव देत नव्हते. त्याला आवाजांत रस नव्हता. विमा कंपनीच्या गिऱ्हाइकांना परस्पर उत्तरं देणारं एक बोलकं सॉफ्टवेअर त्याला करायचं होतं, कारण तेव्हा जो तो तेच करत होता. वर्षभर भांडून मी त्याच्याकडून एक हंगाम मागून घेतला. एका कारखान्यात 'चाहूल' चालवून दाखवायची. चालली, तर पुढच्या हंगामात अकरा कारखान्यांत एकदम उतरायचं. नाही चालली, तर 'चाहूल' बंद आणि मी गुपचूप विम्यावर. मी छाती पुढे काढून हो म्हणाले होते. म्हणजे शुक्रवारी साहेब काढणार होते ते नुसते दिवे नव्हते.

आता हे यंत्र शिकतं कसं, ते सांगते. लहान मुलाला शिकवतो तसंच. ही गाय, ही म्हैस, असं हजारदा दाखवायचं, मग त्याचं त्याला कळायला लागतं. गेल्या हंगामात दर बुधवारी मी पुण्याहून पहाटेची गाडी पकडून कारखान्यावर जायची आणि चौदा बेअरिंगांचे आवाज भरून आणायची. हे झाले निरोगी आवाज. आजारी आवाज आणले भोसरीच्या एका वर्कशॉपच्या भंगारातून. ऑफिसात यंत्राची परीक्षा घेतली, तर शंभरात अठ्ठ्याण्णव वेळा बरोबर. चिन्मयने तो अठ्ठ्याण्णवचा आकडा एवढा मोठा छापून भिंतीवर लावला की खालच्या दंतवैद्याने येऊन विचारलं, कुणाचं पोरगं बोर्डात आलं?

आणि ते बुधवार काय सुरेख असायचे! चौदा बुधवार गेले मी. मिल हाऊस लख्ख, फरशीवर तेलाचा थेंब नाही, मोटारी पुसलेल्या. सहकारी कारखान्यांना लोक उगाच नावं ठेवतात, असं मी पुण्यात सगळ्यांना सांगत सुटले होते.

सोमवारी संध्याकाळी गेस्ट हाऊसवरून चिन्मयला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि डॉक्टरने गोळी लिहून द्यावी तसा उपाय सांगितला. यंत्र फार हळवं झालंय, त्याला जरा निबर कर, म्हणजे उठसूट दिवा लावणार नाही. शुक्रवारी दिवे शांत दिसले की साहेबही शांत होतील.

मंगळवारी सकाळी मी फिटरांच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसले आणि तेच केलं. तासाभरात दारातून दिसणारे चौदाही दिवे एकेक करत विझले. माझा जीव भांड्यात पडला. शेजारी भूपाल मगदूम चहा पीत बसले होते. मगदूममामा तिथले सगळ्यात जुने फिटर. एकतीस हंगाम काढलेले, निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं. सळई कानाला लावणारा जो माणूस मला यंत्रात उतरवायचा होता, तो हाच. पण त्यांनी एकदाही माझ्या यंत्राला नाक मुरडलं नव्हतं. उलट सहा नंबरचं बेअरिंग निरोगी निघालं तेव्हा त्यांचंच तोंड उतरलं होतं.

विझलेल्या दिव्यांकडे बघत त्यांनी मला विचारलं, "ताई, आता हे गप बसलंय, ते शानं झालं म्हनून का भ्यालं म्हनून?"

मी म्हटलं, बघू या की. मामा उठले, वर्कशॉपमधल्या एका छोट्या मोटारीवर जुनं झिजलेलं बेअरिंग चढवून त्यांनी ती सुरू केली. खडखडाट असा की बाहेरच्या झाडावरचे कावळे उडाले. मी त्यावर सेन्सर चिकटवला आणि दिवा जोडला. दिवा लागला नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली. आम्ही दोघं त्या दिव्याकडे बघत उभे. शेवटी मामांनीच घाईघाईने मोटार बंद केली आणि वायर सैल असंल, थंडीत होतं असं कधी कधी, म्हणून मला धीर द्यायला लागले. वायर सैल नव्हती. माझं यंत्र हळवं ठेवलं तर सगळ्यांना आजारी म्हणत होतं आणि निबर केलं तर मरणाऱ्यालाही बरा म्हणत होतं. मधलं काही नव्हतंच.

दुपारी मला जेवण गेलं नाही. लॅपटॉपमध्ये डोकं खुपसून मी गेल्या वर्षीचे आवाज पुन्हा पुन्हा ऐकले. कुठे चूक सापडेना. साडेचारच्या सुमाराला, आणखी काही सुचेना म्हणून, सेन्सर नीट बसलेत का ते तरी बघावं, असं ठरवून मिल हाऊसकडे गेले. त्या वेळी मी तिथे येईन असं कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

आत मगदूममामा आणि आणखी दोन फिटर कामात गर्क होते. मामांच्या हातात ग्रीस गन. एक नंबरपासून ओळीने प्रत्येक बेअरिंगला ग्रीस मारत, बोल्ट आवळत ते पुढे सरकत होते. मागून एक जण मोटारी पुसत होता आणि दुसरा फरशीवर बगॅसचा, म्हणजे उसाच्या चोथ्याचा, भुसा टाकून तेल टिपून घेत होता. कारखान्याचे संचालक वगैरे येणार असतील, असं मला वाटलं. मी सहज विचारलं, कोण येणार आहे?

"कोन न्हाई," मामा म्हणाले. "उद्या बुधवार न्हवं का."

"बुधवारी काय असतं?"

"तुमी येता की."

"मामा, मी कालपासून इथेच आहे."

मामा हसले. "ते हाईच. पर मंगळवार आला की हात आपसूक चालतोय बगा. सवय झालीया."

मला पहिल्यांदा काही कळलंच नाही. मी विचारलं, गेल्या वर्षीसुद्धा हे करत होतात? तर मामा अभिमानाने म्हणाले, दर मंगळवारी. एकबी मंगळवार चुकला न्हाई. एरवी ग्रीस महिन्यातनं एकदा, पण तुमच्यासाठी दर आठवड्याला.

"तुमी पुण्याहून एवढ्या लांबनं यायच्या," ते म्हणाले, "आन् तुमच्या यंत्राला आमी खरखर ऐकवायची? बरं दिसतंय का ते?"

मी तिथल्याच लोखंडी पायरीवर बसले. चौदा बुधवार. चौदाही बुधवारी मी जे आवाज भरून नेले, ते ताज्या ग्रीसचे, आवळलेल्या बोल्टचे, पाहुणे यायचे म्हणून नटूनथटून बसलेल्या बेअरिंगांचे होते. माझ्या यंत्राला निरोगी म्हणजे काय ते मी असं शिकवलं होतं. शाळेत तपासणीला साहेब येतात तेव्हा पोरं जशी बसतात, तशी पोरं त्याने पाहिली होती. आता सेन्सर चोवीस तास बसवल्यावर त्याच्या कानावर रोजच्या दिवसाचा आवाज पडला आणि ते बिचारं घाबरून बोंबलत सुटलं. आणि अठ्ठ्याण्णव टक्के कसले? एका बाजूला भंगार आणि दुसऱ्या बाजूला सणाच्या दिवशीची बेअरिंगं, एवढा फरक तर आमच्या दंतवैद्यालासुद्धा कळला असता.

आधी मला या लोकांचा राग आला. मग आठवलं की दर मंगळवारी सकाळी मीच फोन करून सांगायची, उद्या येते हं, दहापर्यंत पोचते. एकदाही, चुकूनसुद्धा, गुरुवारी जाऊन बघावं असं मला सुचलं नव्हतं. आणि मग मला हसू आलं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत मी हसले. मामा घाबरले, त्यांनी कुणाला तरी पाणी आणायला पिटाळलं.

संध्याकाळी चिन्मयला सांगितलं. त्याच्या आवाजाला एकदम तरतरी आली. "म्हणजे चूक त्यांची आहे," तो म्हणाला. "तसं लेखी कळव. त्यांच्या माणसांनी परस्पर ग्रीस मारून आपली माहिती बिघडवली. दिवे काढले तरी आपल्या नावाला बट्टा लागणार नाही. अकराजणांशी बोलणी चालू आहेत, शलाका."

मी म्हटलं, असं पत्र गेलं तर त्या म्हाताऱ्याची निवृत्तीच्या तोंडावर चौकशी लागेल. ग्रीस कारखान्याचं आहे, ते विचारणार की जास्तीचं ग्रीस कोणाच्या हुकमाने काढलं. चिन्मय म्हणाला, तो त्यांचा प्रश्न. मी म्हटलं, तो माझा प्रश्न आहे, आणि फोन ठेवून दिला. फोन आपटून ठेवायची सोय मोबाईलने घालवली, याचं मला तेव्हा फार वाईट वाटलं.

बुधवारी सकाळी मी मगदूममामांना गाठलं. म्हटलं, आता ग्रीस नको, पुसापुशी नको, कारखाना रोज असतो तसा मला दाखवा. मामांना ते मुळीच आवडलं नाही. घरात पसारा असताना पाहुण्याला स्वयंपाकघरापर्यंत न्यायचं, असा संकोच त्यांच्या चेहऱ्यावर होता. मग मी त्यांना खरं ते सांगितलं. शुक्रवारी दिवे निघाले की माझं यंत्र संपलं, आणि ते का चुकतंय ते मला काल तुमच्यामुळे कळलं. आपल्या ग्रीसने घोटाळा झाला, हे त्यांना चांगलंच लागलं होतं. मग त्यांनी सळई उचलली.

दोन दिवस आम्ही चौदा बेअरिंगांपुढून फेऱ्या मारल्या. सकाळी, दुपारी, पाळी बदलताना. काल मी पोचण्याआधी ज्यांना ग्रीस लागलं होतं त्यांचं कोडकौतुक उतरलं की काय होतं, तेही मामांनी समजावलं. मामा ऐकायचे आणि निकाल सांगायचे, मी लिहून घ्यायची. मला वाटलं होतं दोनच शब्द येतील, बरं आणि बिघडलंय. पण मामांचे शब्द तीन होते. काहींना ते म्हणाले, ग्रीस मागतंय. काहींना, बगावं लागंल. आणि बहुतेकांना म्हणाले, नांदतंय. म्हणजे कुरकुर आहे, खरखर आहे, पण संसार चाललाय, काळजी नको.

तीन नंबरच्या पंपापाशी तर मला कानावर हात ठेवावे लागले, इतका तो खाकरत होता. मी म्हटलं, मामा, हे तर गेलंच की.

"छ्या," मामा म्हणाले. "ह्याचा आवाज पहिल्यापास्नं असाच हाय. ह्यो उद्या गप बसला तर मी खोलून बगंन."

मी वही बंद केली. वर्षभर जे मला कळत नव्हतं ते या माणसाने एका वाक्यात सांगितलं होतं. निरोगी बेअरिंगाचा आवाज कसा असतो, हे मामांना ठाऊकच नव्हतं. त्यांना ठाऊक होतं ते हे बेअरिंग काल कसं होतं. ते प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या कालच्याशी ताडून बघत होते. आणि मी मात्र एक आदर्श बेअरिंग डोक्यात धरून बसले होते आणि तेच पेटीत घालून अकरा कारखान्यांना विकणार होते.

गुरुवारी दुपारी मी चिन्मयला पुन्हा फोन केला. या वेळी भांडायला नाही. 'चाहूल' अशी विकायचीच नाही, मी सांगितलं. कारखान्यात गेल्यावर पहिले पंधरा दिवस यंत्राने नुसतं ऐकायचं. तिथल्या जुन्या फिटरबरोबर, रोज, कोणताही वार न चुकवता. प्रत्येक बेअरिंगाची सवय त्याची त्याची शिकायची आणि मगच दिवा जोडायचा.

चिन्मय हुशार आहे, त्याने तिथल्या तिथे हिशोब केला. सहा माणसं, प्रत्येक ठिकाणी पंधरा दिवस. अकरा कारखाने होणं शक्यच नाही. फार तर तीन.

"तीन कारखान्यांना कोणी कंपनी म्हणत नाही," तो म्हणाला.

"अकरा ठिकाणी दिवे लावून अकरा ठिकाणचे काढून आणले, तर काय म्हणतील?"

तो हसला नाही. म्हणाला, ठीक आहे. उद्या त्यांनी दिवे ठेवले तर तीन. काढले तर 'चाहूल' संपली, आणि मग ते पत्र मी स्वतः पाठवीन. मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

शुक्रवारी बरोबर दहा वाजता घोरपडे साहेब आले. सोबत इलेक्ट्रिशियन, त्याच्या हातात पक्कड. दिवे विझलेलेच होते, मी ते बुधवारीच बंद करून ठेवले होते. साहेबांनी विचारलं, दुरुस्त झालं का?

रात्रभर मनात घोळवलेलं बरंच काही माझ्याकडे होतं. ते सगळं गिळून मी म्हणाले, "नाही झालं. चूक माझी आहे. गेल्या वर्षी मी फक्त बुधवारी आले, आणि तेसुद्धा आधी कळवून. त्या दिवशी कारखाना जसा असतो तसा तो एरवी नसतो. मी यंत्राला फक्त बुधवार शिकवला."

"म्हणजे काय?" साहेब म्हणाले. "बुधवारी काय वेगळं असतं?"

त्या प्रश्नाचं उत्तर मला द्यायचं नव्हतं. मागे फिटरांची टोळी उभी होती, त्यांतून मगदूममामा पुढे आले. हातातलं फडकं त्यांनी खांद्यावर टाकलं.

"सायेब, मी ग्रीस मारत हुतो," ते म्हणाले. "दर मंगळवारी, चौदा ठिकानी. ताईंनी सांगितलं न्हवतं. आमच्याच मनानं. त्यांचं काम चांगलं व्हावं म्हनून केलं, आन् तेच त्यांच्या मुळावर आलं."

मी म्हटलं, साहेब, मामांचं यात काही नाही. पण साहेब माझ्याकडे बघतच नव्हते. ते मामांकडे बघत होते. मामा हात बांधून उभे होते.

"तुझ्याजवळ आणखी काय आहे?" शेवटी साहेबांनी मला विचारलं. एक वर्ष मॅडम म्हणत आलेला माणूस पहिल्यांदाच मला एकेरीत बोलला. ते त्यांच्याही लक्षात आलं नसावं.

मी म्हटलं, आधी पंधरा दिवस यंत्राने नुसतं ऐकायचं, मगच दिवा जोडायचा, आणि दोन कागद दिले. एकावर मामांचे निकाल. दुसऱ्यावर सेन्सरने दोन दिवसांत प्रत्येक बेअरिंगात जो फरक टिपला होता तो, प्रत्येकाचा त्याच्या स्वतःच्या कालच्याशी. ती बेरीज-वजाबाकी मी गुरुवारी रात्री बसून केली होती आणि मामांना मुद्दामच दाखवली नव्हती. मामांच्या कागदावर फक्त एकाच बेअरिंगापुढे 'बगावं लागंल' असं होतं. अकरा नंबर, बॉयलरचा पंखा. माझ्या कागदावरही आवाज चढत चाललेलं बेअरिंग एकच होतं. अकरा नंबर.

साहेबांनी दोन्ही कागद आलटून पालटून वाचले. मग कोपऱ्यातली मामांची सळई उचलली आणि बॉयलरकडे चालू लागले. आम्ही सगळे त्यांच्या मागे. चीफ इंजिनिअरने इस्त्रीच्या शर्टात वाकून, सळई कानाला लावून बेअरिंग ऐकलेलं त्या टोळीतल्या तरुण फिटरांनी कधी पाहिलं नव्हतं. ते बराच वेळ ऐकत राहिले.

सरळ झाले तेव्हा ते थोडे अवघडलेले दिसले. चष्मा काढून पुसायला लागले.

"मगदूम, तुम्ही ग्रीस मारत होता," ते म्हणाले. "आणि बुधवारी सकाळी दहा ते एक मी गव्हाणीत ऊस कमी टाकायला सांगत होतो. मॅडम बारीक यंत्र घेऊन येतात, त्यांना नीट ऐकू यावं म्हणून."

क्षणभर कोणाला कळेना, हसावं की नाही. मग मामा हसले, आणि मग टोळीच्या टोळी हसायला लागली. साहेबसुद्धा. मी हसत होते की रडत होते ते मला सांगता येणार नाही, पण त्या घटकेला मला फार बरं वाटलं होतं. इतक्या सगळ्या माणसांनी एकमेकांना न सांगता माझं काम बिघडवलं होतं, आणि प्रत्येकाने ते जिवापाड मन लावून केलं होतं.

इलेक्ट्रिशियन अजून पक्कड धरून उभा होता. त्याने विचारलं, साहेब, काढू का दिवे?

"राहू देत," साहेब म्हणाले. "पंधरा दिवस त्या नुसतं ऐकणार आहेत. मग जोडा." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "एक अट आहे. यापुढे कळवून यायचं नाही."

नंतर सफाईसाठी कारखाना बंद ठेवला तेव्हा अकरा नंबर खोललं, तर आतल्या कडीवर खड्डे पडायला सुरुवात झाली होती. आणखी आठवड्याभरात ते बेअरिंग बॉयलर बंद पाडून गेलं असतं. चिन्मयने शब्द पाळला. पुढच्या हंगामात तीन कारखाने घेतले आणि तिन्ही टिकले. विम्याचं बोलकं सॉफ्टवेअरही त्याने केलंच, ते वेगळ्या माणसांना घेऊन. त्याच्याशी माझं भांडण अजून चालू आहे, पण आता ते तब्येतीला चांगलं आहे.

पंधरा दिवसांनी दिवे जोडले, त्यानंतर महिन्याभराने मी पुन्हा कारखान्यावर गेले. शनिवार होता. कोणाला फोन केला नाही, मेसेज केला नाही. फाटकावरच्या वॉचमनलाही म्हटलं, आत कळवू नका. मिल हाऊसमध्ये फरशीवर तेल सांडलेलं होतं आणि त्यावर बुटांचे ठसे. कोपऱ्यात पोत्यांवर बसून फिटरांची टोळी डबे उघडून जेवत होती. मी दारात उभी राहिले. दोघा-तिघांनी मान वर करून बघितलं आणि परत डब्यात घातली. कोणी उठलं नाही. कोणी फडक्याने खुर्ची पुसली नाही, कोणी चहाला पळालं नाही.

मगदूममामांच्या तोंडात घास होता. तो गिळून त्यांनी भाकरीच्या हातानेच आत बोट दाखवलं.

"चार नंबरचा दिवा लागलाय मगाधरनं," ते म्हणाले. "जा, जरा ऐकून ये. माझी भाकरी व्हायचीया अजून."

ताई नाही, या नाही, बसा नाही. मी पाठीवरची बॅग पोत्यांवर टाकली, कोपऱ्यातली सळई उचलली आणि चार नंबरकडे गेले.